ताईच्या कपाटाची किल्ली

डॉक्टरनं चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाला, "बाहेरनं आणा. पळा."

मी पळालो. काखेत ताईची पर्स, एका पायात चप्पल, दुसरी कुठं पडली ठावं न्हाय. मानेत मधमाशांचं काटं तसंच रुतल्यालं. रस्ता कसा वलांडला ते सांगता यायचं न्हाय, एक रिक्षावाला आईवरनं शिवी देऊन गेला तेवढं ध्यानात हाय. मागं दवाखान्याच्या तपासणीत, जितं तातडीचा पेशंट आधी घेत्यात तितं, टेबलावर माझी थोरली बहीण पडल्याली. ओठ निळं, डोळं सुजून मिटल्यालं. ज्या दवाखान्यात बावीस वर्सं सिस्टर म्हणून राबली त्याच दवाखान्यात पेशंट होऊन पडल्याली. आणि तिला द्यायला तितं एक इंजेक्शन न्हाय.

लय मोठं औषध असतं तर म्हणलो असतो जाऊ दे. अॅड्रिनलिन. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. कांदाभजीची प्लेट त्याच्यापेक्षा महाग.

त्या दिवशी रविवार होता. ताईला सुट्टी. दर रविवारी ती आमच्या बावड्याच्या रानात यायचीच, दाजींच्या घरात तिला करमायचं न्हाय असं न्हाय, पण म्हशीच्या धारा आणि रानातली भाजी ह्यांच्यावर तिचा जीव. मी दुधाचा धंदा करतो, चार म्हशी हायत माझ्या. ती आली, चहा प्याली, म्हणाली, "किस्नू, हरभऱ्याचा डहाळा आणूया चल." गेलो. बांधाच्या पल्याड कुणी तरी उसाचं पाचट पेटवलं. धूर उंबरावर गेला. उंबरावर आग्या मोहोळ. एवढंच. पुढचं काय सांगायचं, आभाळ काळं झालं. मी पोतं टाकून तिला झाकली, पण तवर मानेला, तोंडाला, डोक्यात. मला बी चावल्या की. मला मोजून वीस-पंचवीस काटं निघालं, मी धडधाकट बसलोय हितं. तिला मात्र मधमाशी चालत न्हवती. चार वर्सांमागं एक गांधीलमाशी चावली तर तोंडाचा भोपळा झाल्ता, तवा वार्डातल्या पोरींनीच तिला वाचवली.

दुधाच्या टेम्पोत, माझ्या छोट्या हत्तीत, घातली तिला. मागं दुधाच्या किटल्या खडखड करायलेल्या. वाटंत एक खाजगी दवाखाना लागला, मोठा, काचंचा. मी ब्रेक मारला. तिनं माझा दंड धरला. घसा घरघरत हुता तरी बोलली, "हितं नगं. आपल्याच दवाखान्यात चल. माझ्या कपाटात हाय."

मी म्हणलो, "ताई, हितं जवळ हाय की गं."

"हितं आधी फॉर्म भरून घेत्यात. चल म्हणते न्हवं."

चल म्हणली म्हणून गेलो. तिचं ऐकायचं हे लहानपणापासनं अंगात. आता वाटतंय त्या काचंच्या दारात गाडी घुसवायला पायजे होती.

तर मेडिकलात. रविवार, एकच पोरगा काउंटरला, समोर पाच माणसं. मी वराडलो, त्यानं पटकन शोधलं, त्याचा काय दोष न्हाय. मी ताईची पर्स उघडली पैसं काढायला. आत चष्म्याचं घर, रुमाल, जोतिबाच्या गुलालाची पुडी आणि एक किल्ली. किल्लीला सलाईनच्या नळीचा तुकडा बांधल्याला. ती किल्ली मी बोटानं बाजूला सारली, नोटा तिच्या खाली होत्या. बाजूला सारली आणि पैसं दिलं.

ती त्या कपाटाची किल्ली.

मी मेडिकलात हुतो तवा वरच्या मजल्यावर ताईच्या वार्डात वल्लरी नावाची तिच्या हाताखालची सिस्टर कपाटासमोर उभी हुती. खालनं फोन गेल्ता, अॅड्रिनलिन पायजे, लगीच. तिला ठावं हुतं आत पाच नळ्या हायत. कुलूप. किल्ली संयोगिता सिस्टरकडं, म्हंजे ताईकडं, असती. संयोगिता सिस्टर कुठं हायत? खाली टेबलावर. त्यांची पर्स कुठंय? भाऊ घेऊन बाहेर गेलाय. शेवटी तिनं ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना घेऊन कुलूप फोडलं. हाताचं सालटं निघालं पोरीचं. नळी घेऊन ती जिन्यानं खाली पळाली आणि मी दारातनं आत पळालो. दोघं एकाच वेळंला पोचलो. दोन दोन इंजेक्शनं आली. दोन्ही टोचली, छाती दाबली, सगळं केलं. डॉक्टर घड्याळाकडं बघाय लागला तवा मला कळलं.

मी सातवी शिकल्याला माणूस. हे मोबाईलवर एका बोटानं टाईप करायलोय, पण लिवणारच. कारण दुसरं कोण तरी लिवालंय, आणि ते खोटं लिवालंय.

आधी कपाट म्हंजे काय ते सांगतो, न्हायतर तुमास्नी बी वाटंल की ही बाई औषधं लपवून का ठेवत हुती.

ताईच्या वार्डाला म्हैन्याचं जे सामान मागवायचं त्यातलं निम्मं यायचं, कधी तेवढं बी न्हाय. कापूस हाय तर चिकटपट्टी न्हाय. सुई हाय तर सिरिंज न्हाय. ग्लोव्हज तर सणासुदीला आल्यागत. मग सिस्टर लोकांनी काय करायचं? चिकटपट्टी उभी फाडून एकीच्या तीन करायच्या आणि खाटंच्या लोखंडी दांडीवर आधीच चिकटवून ठेवायच्या, ऐन वेळंला वडायची एक. ग्लोव्हज धुवायचं, पावडर लावायची, दोरीवर वाळत घालायचं. मी एकदा डबा घेऊन गेलतो, बघितलं तर दोरीवर ओळीनं ग्लोव्हज लोंबायल्यात. मी म्हणलो, "ताई, माझ्या म्हशीला चार सड, तुझ्या म्हशीला पाच." लय हसली. मग म्हणाली, "हसतोस काय रं, ह्यातला एक फाटका निघाला तर दुसऱ्याचा आजार माझ्या रक्तात."

आमचा आबा, म्हंजे बाप, वारला तवा त्याची धोतरं कुणी नेली ठावं हाय? ताईनं. आईनं इचारलं, "कशाला गं तुला?" तर म्हणाली, "मऊ हायत, जखमंला बरी." धुऊन, फाडून, घड्या घालून वार्डातल्या वाफंच्या मशिनीत घातली. आबा आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढला न्हाय, पण त्याच्या धोतरानं अर्ध्या जिल्ह्याच्या जखमा बांधल्या. मग गावातनं कुणाचं म्हातारं गेलं की मी धोतर मागायला जायचो. लोकं म्हणायची, "कृष्णात, दूध इकतोस का जुनी कापडं गोळा करतोस?"

आणि वार्डावार्डात उसनवारी चालायची, शेजारीण साखर मागती तशी. पलीकडच्या वार्डाची सिस्टर दारात आली की ताई आधी टोमणा मारायची, "काय गं, तुमच्या वार्डात कापूस पिकत न्हाय व्हय?" मग द्यायची. द्यायचीच. पण दिल्यालं परत कुठनं यायचं? त्यांच्याकडं बी न्हाय. एका वर्सी असं झालं की सगळं उसनं गेलं आणि तिच्या वार्डातल्या एका बाईला ऐन वेळंला सलाईन लावायची सुई मिळाली न्हाय. ती बाई वाचली कशीबशी. पण ताईनं दुसऱ्या दिवशी लोखंडी कपाटाला सोताच्या घरचं कुलूप घातलं. जे येईल त्यातलं थोडं थोडं त्यात. कापूस, सुया, ग्लोव्हज, त्या नळ्या. मरायच्या टोकाला आलेल्या माणसासाठी. खंडेनवमीला वार्डात कात्री, चिमटं, बीपीचं मशीन पुजत्यात, तवा ताई झेंडूचं एक फूल त्या कुलपाला बी लावायची.

रविवारी सोता सुट्टीवर जायची तवा कपाटातनं एक ट्रे भरून बाहेर ठेवून जायची, रविवारचा ट्रे. त्या रविवारी बी ठेवल्याला. त्यात अॅड्रिनलिनच्या दोन नळ्या. सकाळी नऊला वार्डातल्या एका माणसाला औषधाची रिअॅक्शन आली, दोन्ही लागल्या. तो माणूस जगला. बरं झालं, माझा त्याच्यावर राग न्हाय.

राग ताईवर हाय. होय, हाय. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणत्यात, मी धरलाय. वल्लरीनं तिला दहादा सांगितलं हुतं, "सिस्टर, एक किल्ली मला द्या की." तर ही म्हणायची, "तू मऊ हाईस. कुणी बी रडत आलं की देशील." एकच किल्ली. पर्समध्ये. अगं, एवढी शाणी तू, सगळ्यांची सोय बघणारी, तू खाली आडवी पडलीस तर किल्ली कोण आणणार हे तुझ्या डोक्यात कसं आलं न्हाय?

आणि राग माझ्यावर हाय. त्याचं काय सांगायचं. बोटानं सारली मी ती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर शंभर-सव्वाशे माणसं. त्यात एक म्हातारी, नऊवारी, हातात काठी, कुणाच्या वळखीची न्हाय. मी इचारलं, "मावशी, कुठनं?"

"मुरगूडासनं. अंबूबाई म्हण. सिस्टर गेली म्हणून कळलं, एसटीनं आलो."

"ताई तुमची कोण?"

"कोण न्हाय बाबा. गेल्या म्हैन्यात मी तिच्या वार्डात हुतो. सुई टोचल्यावर माझा जीवच चालला. तवा तिनं सोताच्या पर्समधली नळी काढून मला टोचली. ती बारकी सिस्टर म्हणाली, अवो ती तुमची सोताची हाय, तुमास्नी लागती. तर म्हणाली, मला कुठं आज माशी चावणार हाय. दुसरी आणीन."

मी तितंच घाटावर बसलो. ताईकडं सोताची नळी हुती. सोताच्या पैशानं घेतल्याली, सोताच्या जिवासाठी, पर्समध्ये. ती म्हातारीला दिली आणि दुसरी आणायची ऱ्हाऊन गेली. म्हातारी माझ्या डोक्यावर हात ठेवून रडायली आणि मला तिच्याकडं बघवंना. तिचा काय गुन्हा. पण बघवंना.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या हापिसातनं फोन. या म्हणून. दाजी आणि मी गेलो. अमरसिंह दाजी म्हंजे लय शांत माणूस, बँकेत शिपाई, कुणाला उलट बोलायचं माहीत न्हाय. हापिसातल्या साहेबानं खुर्ची दावली.

"बसा पावणं. लय वाईट झालं. सिस्टर म्हंजे आमच्या घरातल्याच."

मी उभाच ऱ्हायलो. साहेबानं एक कागद दाजींच्या म्होरं सरकवला. "नुसती सही. औपचारिकता हाय."

दाजींचा चष्मा घरी. म्हणून मी वाचला. मोठ्यानं वाचला, एक एक अक्षर लावून, दारातला शिपाई बी ऐकायला लागला. "कै. संयोगिता यांनी शासकीय साहित्य नोंद न करता स्वतःच्या ताब्यात लपवून ठेवले. त्यामुळे आणीबाणीच्या वेळी सदर इंजेक्शन उपलब्ध होऊ शकले नाही. याबाबत कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही."

"साहेब," मी म्हणलो, "खाली तपासणीत इंजेक्शन का न्हवतं ते ह्यात कुठं हाय?"

"पुरवठा न्हवता. वरनंच आलं न्हाय."

"वर म्हंजे कुठं? पत्र्यावर?"

"हे बघा, तुम्ही भावनेच्या भरात…"

"भरात न्हाय, मी रिकामाच हाय. सांगा की, वर म्हंजे कुठं? मला पत्ता द्या, मी गाडी घिऊन जातो, किटल्यात भरून आणतो."

साहेबाचं तोंड बदललं. "त्यांनी लपवलं नसतं तर मिळालं असतं का न्हाय? सरळ सांगा."

"लपवलं नसतं तर म्हैन्यामागंच संपलं असतं. त्या दिवशी सकाळी एक माणूस जगला, तो कुठल्या नळीनं? तुमच्या वरनं आलेल्या? ती बी तिनंच लपवल्याली."

"नियम हाय, साहित्य लपवणं म्हंजे…"

"म्हंजे काय? बोला. चोरी म्हणा की." माझा आवाज चढला, दाजी माझा सदरा धरून वडायले. "चोर असती तर जगली असती साहेब! पाच नळ्यातली एक घरी आणली असती तर रानातच टोचून घेतली असती. बावीस वर्सांत कापसाचा बोळा बी घरी आणला न्हाय तिनं. उलट आमच्या घरातनं तुमच्या दवाखान्यात गेलं. बापाचं धोतर गेलं!"

मग मी खिशातनं ती किल्ली काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. "हे बी लिवा. किल्ली भावाकडं हुती. बाहेरनं औषध आणायला तुम्हीच त्याला पळवलं, म्हणून किल्ली त्याच्याबरोबर गेली. खाली कपाट रिकामं हुतं, वर कपाट भरल्यालं हुतं, आणि मधी भाऊ चिठ्ठी घेऊन रस्त्यावर पळत हुता. असं लिवा. मग करतो सही, अंगठा बी देतो."

"असं लिहिता येत न्हाय."

दाजींनी इतका वेळ पेन हातात धरल्यालं. मला वाटलं करतोय आता सही हा माणूस, ह्याला भांडाण नगं असतंय. त्यांनी पेनाला टोपण लावलं. खिशात ठेवलं. आणि म्हणालं, "माझ्या बायकोचं नाव त्या कागदावर हाय. तिला वाचून दावता आलं तरच मी सही करीन." उठलं आणि चालायला लागलं. कागद अजून तसाच हाय. रोज फोन येतोय. दाजी उचलत न्हाईत.

किल्ली मात्र मी उचलून आणली.

त्याच दिवशी, दाजी खाली झाडाखाली बसल्यावर, मी वर वार्डात गेलो. घरात ताईनं घड्या घालून ठेवल्याली धोतरं हुती, ती पोचवायची हुती. वल्लरीच्या हाताला अजून पट्टी. कपाट उघडं, आत काय न्हाय. साहेबाच्या माणसांनी सगळं मोजून नेलं. धोतराचं तुकडं तेवढं ठेवलं, ते कुठल्याच यादीत न्हवतं.

"मामा, ही किल्ली आता कशाला लागती?" वल्लरी म्हणाली. "कुलूप तर मीच फोडलं."

"ठीव. न्हायतर टाकून दे."

तिनं टाकली न्हाय. देवीच्या फोटोचा खिळा हुता, त्याला अडकवली.

खाली आलो. तपासणीच्या दारातनं एक माणूस बाहेर आला, पन्नाशीचा, शेतकरी, काखेत बायकोची पिशवी, हातात चिठ्ठी. इकडं तिकडं बघायला लागला आणि मलाच म्हणाला, "पावणं, मेडिकल कुठशी हो?"

मी त्याच्या हातातली चिठ्ठी बघितली न्हाय. पिशवी धरली.

"रस्त्यापल्याड, डाव्या अंगाला. पैसं तेवढं काढून घ्या. पिशवी हितं ठेवा."

"अवो, सामान हाय त्यात तिचं."

"म्हणूनच. पेशंटचं काय बी बाहेर न्यायचं न्हाय. मी हाय हितं, उभा ऱ्हातो. पळा तुम्ही."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. तोंड अजून सुजल्यालंच हुतं माझं. काय वाटलं त्याला ठावं न्हाय, पिशवी माझ्याकडं दिली आणि पळाला.

मी आत गेलो आणि त्याच्या बायकोच्या टेबलापाशी पिशवी धरून उभा ऱ्हायलो. सिस्टर म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हणलो, "कोण न्हाय."

तो औषध घेऊन परत आला तवा म्हशींच्या संध्याकाळच्या धारंची वेळ टळून गेलती.